आईचं उत्पन्न शून्य, सवलतही शून्य

एकाच कंपनीत, एकाच पगारावर काम करणारे दोघं घेऊ. दोघांचंही उत्पन्न चोवीस लाखांच्या वर, म्हणजे नव्या करप्रणालीतल्या ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. दोघांच्याही आयांनी सत्तरी ओलांडलेली. पहिल्याकडे जमीन विकून आलेले ५० लाख रुपये पडून होते. ते त्याने आईला बक्षीस दिले आणि तिच्या नावावर मुदत ठेवीत टाकले. व्याज सात टक्के धरलं तर वर्षाला साडेतीन लाख. हेच व्याज त्याच्या नावावर राहिलं असतं तर सेस धरून १,०९,२०० रुपये कर लागला असता. आईच्या नावावर लागतो शून्य, कारण चार लाखांपर्यंत करच नाही. मुलाने दिलेल्या बक्षिसावरही आईला कर नाही. सगळं अगदी कायदेशीर. कुठलाही सीए पहिल्या भेटीत हाच सल्ला देतो.

दुसरी मुलगी आहे, तिच्याकडे असं घबाड नाही. तिच्या आईला पेन्शन नाही, ठेव नाही, आणि आता अंथरुणातून उठणंही नाही. ब्यूरोची बाई, औषधं, डायपर, फिजिओथेरपी या सगळ्यावर ती वर्षाला साडेतीन लाख रुपये पगारातून घालते. नव्या करप्रणालीत याबद्दल तिला काहीही मिळत नाही.

वृद्ध आईवडिलांच्या बाबतीत आपल्या आयकर कायद्याचं खरं दुखणं हे आहे. सवलती कमी आहेत ही तक्रार नेहमीचीच, आणि ती निम्मीच खरी आहे. आईवडिलांच्या नावावर ठेवायला ज्यांच्याकडे भांडवल आहे, त्यांना कायदा भरभरून देतो. ज्यांच्याकडे फक्त पगार आहे आणि आईवडिलांकडे काहीच नाही, ते त्याला दिसतच नाहीत. आईचं उत्पन्न जितकं कमी, तितका मुलांचा फायदा कमी. हे उलटं आहे आणि ते सुलटं करता येण्यासारखं आहे.

हे घडतं ते असं. आपल्याकडे कर व्यक्तीवर बसतो. आईचं उत्पन्न आईचं, मुलाचं मुलाचं. याला अपवाद म्हणजे उत्पन्न जोडण्याच्या तरतुदी. नवऱ्याने बायकोला पैसे दिले तर त्यावरचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात. अल्पवयीन मुलाचं उत्पन्न आईबापांच्या उत्पन्नात जातं. सासऱ्याने सुनेला काही दिलं तर त्याचं उत्पन्न सासऱ्याच्या खाती. या यादीत आईवडील नाहीत, आणि म्हणूनच पहिल्या मुलाची युक्ती चालते. मला ती बंद करायची नाही. आईच्या नावावर ठेव असणं, पासबुकात तिचं नाव असणं, त्या पैशांवर खरोखर तिचा हक्क असणं ही चांगली गोष्ट आहे. तिचं उत्पन्न मुलाच्या उत्पन्नात मिसळायला लागलो तर एका फटक्यात ती पुन्हा कुणाच्या तरी खात्यातली नोंद होईल. (बक्षीस दिलेले पैसे आईच्या पश्चात सगळ्या वारसांत वाटले जातात, हे युक्ती करणाऱ्या मुलाला बहुधा उशिरा कळतं. भावंडांमधल्या कितीतरी भांडणांचं मूळ अशाच ठेवीत असतं.)

जुन्या करप्रणालीत दुसरीला थोडं तरी मिळत होतं. ज्येष्ठ आईवडिलांच्या मेडिक्लेमच्या हप्त्यासाठी आयकर कायद्याच्या ८०डी कलमाखाली ५०,००० रुपयांपर्यंत वजावट, म्हणजे तेवढी रक्कम करपात्र उत्पन्नातून कमी. मेडिक्लेम नसेल तर तेवढ्याच मर्यादेत औषधपाण्याचा खर्च, तोही रोखीने केलेला चालत नाही. ठरावीक गंभीर आजारांवरच्या उपचारांसाठी ज्येष्ठांच्या बाबतीत एक लाख. अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर ७५,०००, तीव्र अपंगत्व असेल तर १,२५,०००. यादी बरी दिसते, पण प्रत्येक तरतूद आजाराची किंवा विम्याची आहे. म्हातारपण हा आजार नाही. ज्या बाईला उठता येत नाही, पण जिचा आजार यादीत बसत नाही, तिच्यासाठी ठेवलेल्या मदतनीस बाईचा पगार कुठे दाखवायचा? ‘वैद्यकीय खर्च’ म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या कायद्याने केलेली नाही. सासूसासऱ्यांचा हप्ता सुनेने भरला तर तिला ८०डीचा लाभ नाही. गंमत अशी की उत्पन्न जोडायचं असतं तेव्हा हाच कायदा सून बरोबर ओळखतो.

२०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होणारी झाली आणि ही सगळी यादी तिथे बाद झाली. जुनी निवडायची मुभा आहे, पण २०२५ च्या अर्थसंकल्पाने बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न सूट देऊन करमुक्त केल्यावर फार थोड्यांना ती परवडते. १ एप्रिल २०२६ पासून तर १९६१ चा कायदाच जाऊन २०२५ चा नवा आयकर कायदा आला. भाषा सोपी झाली, कलमांचे क्रमांक बदलले. आईवडिलांकडे बघण्याची नजर मात्र तीच राहिली.

भांडवल असेल तर दिसतं, पगार असेल तर दिसत नाही, हा प्रकार आजचा नाही. १९३३ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या न्यायालयापुढे, बंगालमधल्या बिजयसिंह दुधोरिया यांचं प्रकरण आलं. सावत्र आईने पोटगीसाठी दावा लावला होता आणि हुकूमनाम्याने त्या पोटगीचा बोजा त्यांच्या इस्टेटीवर चढला होता. निकाल असा की ही रक्कम दुधोरियांचं उत्पन्न नाहीच. त्यांच्या हाती येण्याआधीच ती वळवली गेली, म्हणून त्यावर त्यांना कर नाही. पुढे सीतलदास तीरथदास यांच्या मुंबईतल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजू स्पष्ट केली. बायकामुलांना पोटगी देण्याचा कोर्टाचा हुकूम असला तरी इस्टेटीवर बोजा नसेल, तर ती रक्कम आधी तुमचं उत्पन्न होते आणि मग तुम्ही ती खर्च करता. त्यामुळे करात सूट नाही. कायद्याच्या दृष्टीने हा फरक निर्दोष असेल. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की जमीनजुमला असलेल्याची सावत्र आई करातून वजा झाली आणि पगारदाराची सख्खी आई वजा होत नाही. पगारावर बोजा कसा चढवणार?

यावर एक उत्तर ठरलेलं असतं. आईवडिलांना सांभाळणं हे कर्तव्य आहे, त्यासाठी सरकारकडे बक्षीस कसलं मागता? वाक्य भारदस्त आहे, पण हे कर्तव्य आता नुसतं नीतीचं राहिलेलं नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरण मुलांना दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता द्यायला लावू शकतं. आईवडिलांना टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विवाहित मुलीवरही ही जबाबदारी आहे, असं तर सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याच्याही आधी, १९८७ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं. एका खात्याने तुरुंगाची भीती घालून करायला लावलेला खर्च दुसऱ्या खात्याने तुमची हौस म्हणून मोजायचा, हे मला पटत नाही. मुलांनी सांभाळलं नसतं तर हा भार अखेर कुणावर आला असता, याचाही हिशेब कधीतरी मांडायला हवा.

त्यात पुन्हा, द्यायचं असतं तेव्हा सरकारला कुटुंब चांगलं दिसतं. इतर मागासवर्गीयांच्या क्रीमी लेयरसाठी पाल्याची पात्रता आईवडिलांच्या स्थितीवरून ठरते. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यासाठी आईवडिलांसह कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत लागतं. केंद्राच्या आरोग्य योजनेत कर्मचाऱ्याचे आईवडील अवलंबित ठरायचे असतील तर त्यांचं उत्पन्न दरमहा ९,००० रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता एवढ्याच्या आत हवं. आपल्या राज्याची श्रावणबाळ योजना घ्या. दरमहा १,५०० रुपये मिळतात आणि अट आहे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असण्याची. महिन्याला १,७५० रुपयांत अख्खं कुटुंब! हा आकडा कुणाचं उत्पन्न सांगत नाही, दाखला कोणत्या रकमेचा काढायचा ते सांगतो. थोडक्यात, नाकारायचं असेल तर कुटुंब आणि आकारायचं असेल तर व्यक्ती, असा हा सोयीचा चष्मा आहे.

मग आईचं उत्पन्न धरायचं कसं? काही देश एक रेघ मारतात. सिंगापूरमध्ये आईवडिलांचं वार्षिक उत्पन्न ८,००० सिंगापूर डॉलरच्या आत असेल तर मुलांना ठरावीक रक्कम वजा करता येते. ही रेघ आधी ४,००० वर होती. अमेरिकेत २०२५ साठी ती ५,२०० डॉलरची आहे, शिवाय आईच्या निम्म्याहून अधिक खर्च मुलाने केलेला असला पाहिजे. तिथे करपात्र नसलेली सोशल सिक्युरिटीची पेन्शन उत्पन्नाच्या रेघेसाठी मोजत नाहीत, पण आईने ती स्वतःवर खर्च केली तर खर्च कुणी केला या हिशेबात ती येते. चीनमध्ये उत्पन्न बघतच नाहीत. साठीपुढचे आईवडील असले की एकुलत्या एका मुलाला दरमहा ३,००० युआन वजा करता येतात. भावंडं असतील तर तेच वाटून घ्यायचे, एकाला १,५०० पेक्षा जास्त नाही.

रेघेचा दोष उघड आहे. आईचं उत्पन्न रेघेच्या आत एक रुपया असेल तर सगळं, बाहेर एक रुपया गेला तर काही नाही. केंद्राच्या आरोग्य योजनेतही हेच होतं. आईच्या फॅमिली पेन्शनमध्ये थोडी वाढ झाली की ती अवलंबित राहत नाही. आता वाढलेल्या त्या थोड्या रुपयांत ती हॉस्पिटलचं बिल भरेल, अशी बहुधा कुणाची तरी समजूत असावी. मला जर्मनीची पद्धत अधिक शहाणी वाटते. तिथे आधार दिलेल्या आईवडिलांसाठी वजावटीची कमाल मर्यादा आहे आणि आईचं स्वतःचं उत्पन्न वर्षाला ६२४ युरोच्या वर जितकं जाईल तितकी ती मर्यादा घटत जाते. कडा नाही, उतार आहे.

आपल्याकडे असा उतार आयताच तयार आहे. प्रत्येक व्यक्तीला चार लाखांपर्यंत शून्य कर. ज्या आईला उत्पन्नच नाही, तिचा हा चार लाखांचा कोटा दरवर्षी वाया जातो. पहिल्या मुलाने आईच्या नावावर ठेव ठेवून नेमका हाच कोटा वापरला. दुसरीला तो वापरता येत नाही, कारण भरायला तिच्याकडे ठेव नाही, खर्च आहे. तेव्हा हा न वापरलेला कोटा, काही मर्यादेत, सांभाळणाऱ्या मुलाकडे सरकवायची सोय करावी. कल्पना अगदीच नवखी नाही. ब्रिटनमध्ये कमी उत्पन्नाचा जोडीदार आपल्या करमुक्त मर्यादेतले १,२६० पौंड दुसऱ्याला देऊ शकतो. तिथे ते नवराबायकोपुरतं आहे. आपण ते आईवडिलांसाठी करू.

आकड्यांत सांगतो. आईच्या न वापरलेल्या कोट्यातले जास्तीत जास्त एक लाख सरकवता यावेत आणि त्यांवर सरसकट २० टक्के दराने मुलाच्या करातून थेट सूट मिळावी, म्हणजे एका पालकामागे फार तर २०,००० रुपये. वजावट न देता सूट द्यायची, कारण वजावटीचा लाभ वरच्या स्लॅबवाल्याला अधिक होतो आणि आईचा खर्च काही मुलाच्या स्लॅबप्रमाणे वाढत नाही. आईचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर पूर्ण सूट, साडेतीन लाख असेल तर १०,०००, चार लाख झालं की काही नाही. वेगळी उत्पन्नमर्यादा ठरवायला नको, दर काही वर्षांनी ती वाढवा म्हणून निवेदनं द्यायला नकोत. शून्य कराचा स्लॅब बदलला की ही मर्यादाही बदलेल. आणि पहिल्या मुलाचं काय? त्याच्या आईचे साडेतीन लाख व्याजाने आधीच भरलेले आहेत, त्यामुळे त्याला १०,००० च मिळतील. एकच कोटा दोनदा वापरता येणार नाही. ही दुरुस्ती मला मोलाची वाटते ती त्याचसाठी, कारण ती कुणाची युक्ती न मोडता पारडी थोडी जवळ आणते. पूर्ण समान करत नाही, हे मान्य. एक लाख नऊ हजार कुठे आणि वीस हजार कुठे.

दोन ठिकाणी मात्र व्यक्तीऐवजी जोडी बघावीच लागेल. वडिलांना महिन्याला साठ हजार पेन्शन आहे आणि आईला काहीच उत्पन्न नाही, अशा घरात आई मुलावर अवलंबून आहे असं म्हणणं खोटं ठरेल. दोघं हयात असतील तर दोघांचे मिळून आठ लाख धरावेत, त्यांतून दोघांचं उत्पन्न वजा करावं आणि उरलेलंच मुलाकडे जाऊ द्यावं. दुसरी जोडी सासूसासऱ्यांची. सून किंवा जावई खर्च करत असेल तर लाभ तिला किंवा त्याला मिळायला हवा.

अडचणीची जागा शेतीची आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून आईच्या खात्यावर ते शून्य दिसेल, मग प्रत्यक्षात बागायत का असेना. माझ्या मते अशा उत्पन्नाची नोंद करायला लावावी आणि ते या हिशेबात धरावं. कर लावायचा नाही, फक्त मोजायचं. लोक कमी दाखवतील का? दाखवतील. तीन एकर कोरडवाहू जमिनीचं खरं उत्पन्न जिरायतदारालाही नक्की सांगता येत नाही, तर खात्याला काय कळणार. वीस हजारांच्या सूटीसाठी ही गळती सोसावी, असं माझं मत आहे. बाकीच्या उत्पन्नाचं तसं नाही. आईच्या पॅनवर बँकेचं व्याज, लाभांश, कापलेला टीडीएस हे सगळं आज वार्षिक माहिती विवरणात आपोआप येतं. तीन मुलांनी एकाच आईवर तीन दावे केले तर पॅन एकच असल्याने ते क्षणात पकडता येतील.

नवी करप्रणाली मुळात वजावटींविना आहे, तिच्यात पुन्हा फाटे नकोत, हा आक्षेप मला फारसा जड वाटत नाही. तीत पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आहे, फॅमिली पेन्शनवर २५,००० पर्यंत आहे, मालकाने एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, भरलेल्या रकमेवरही आहे. सोवळं आधीच मोडलेलं आहे.

जड आक्षेप वेगळा आहे. बारा लाखांपर्यंत करच नसेल तर ही सूट मिळणार कुणाला? वरच्या थोड्या लोकांना. ज्या मुलाचं उत्पन्न सहा लाख आहे आणि आई अंथरुणाला आहे, त्याला यातून दमडी मिळणार नाही. हे खरं आहे आणि यावर माझ्याकडे शब्दांची कसरत नाही. कराची सूट करदात्यापलीकडे पोचत नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धाला केंद्राचा वाटा आजही महिन्याला २०० रुपये आहे. सरकारच्या हाती एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर ते आधी या दोनशेंवर खर्च व्हावेत आणि माझा कोटा रांगेत मागे उभा राहावा. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण २०२४ मध्ये दिलं गेलं, वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये गेला. दोन्ही पावलं योग्य होती. पण दोन्ही हॉस्पिटलच्या दारापर्यंतची आहेत. घरी परतल्यावर रोज कुणीतरी उचलून बसवावं लागतं, त्याचा खर्च अजून कुणाच्याच हिशेबात नाही.

एक गोष्ट मी या प्रस्तावात सोडायला तयार नाही. कोटा आईचा आहे, तेव्हा तो कुणाला द्यायचा हे आईने ठरवावं. आज ८०डीचा दावा मुलगा करतो आणि आईला त्याचा पत्ताही नसतो. इथे उलट असावं. तिने सांगितल्याखेरीज तिच्या पॅनवरून काहीही सुटू नये. दोन मुलांना निम्मं निम्मं, किंवा सगळं मुलीला, किंवा विचारपूस न करणाऱ्या कुणालाही नाही. ही संमती मोबाइलवरच्या ओटीपीने घ्यायची म्हटली तर ती घेतल्यासारखी होणारच नाही, कारण बहुतेक वृद्धांच्या खात्याला मोबाइल नंबर मुलाचाच जोडलेला असतो. टीडीएस कापू नका म्हणून सांगणारा, सगळ्यांना १५एच म्हणूनच माहीत असलेला फॉर्म भरायला ज्येष्ठ मंडळी दरवर्षी एप्रिलमध्ये बँकेत जातात, स्वतः सही करतात. त्याच टेबलावर हा दुसरा कागद ठेवता येईल, आणि ज्यांना चालत येता येत नाही त्यांच्या घरी, हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टमन जातो तसा, तो पोचवता येईल.